आरजूला न पटलेला समतोल

सोलापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

मी यज्ञेश्वर. बार्शीला अकरावी-बारावीत तुमच्याकडे रसायनशास्त्र शिकलो. मागच्या बाकावर बसून परीक्षानळ्या फोडायचा, तोच. गेल्या आठवड्यात दोनदा फोन केला होता. तुमच्या सूनबाई म्हणाल्या, आईंना फोनवरचं ऐकू येत नाही, कानाचं मशीन लावत नाहीत आणि मोबाइलवरची अक्षरं वाचायची म्हटलं की चिडतात, तुम्ही पत्रच टाका. म्हणून हे पत्र.

मी इथं एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर अकरावीला रसायनशास्त्र शिकवतो. दर जूनला बोलावलं तर नोकरी, नाहीतर घरी.

बाई, मी वैतागलोय. रासायनिक समतोलाचा धडा तीनदा शिकवून झाला. किती सोपं करून सांगितलं. काही अभिक्रिया एका दिशेनं जाऊन संपत नाहीत. दोन पदार्थांतून तिसरा होतो, आणि झालेला तिसरा पुन्हा फुटून पहिले दोन होतात. सुरुवातीला जाणं जोरात, येणं हळू. होता होता दोन्हींचा वेग सारखा होतो. मग बाहेरून काही बदलताना दिसत नाही, पण आत दोन्ही चालूच असतं. फळ्यावर तराजू काढला, दोन पारडी काढली. मुलं माना डोलावत होती. आणि चाचणीत निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलं, समतोल आला की अभिक्रिया थांबते. उरलेल्यांनी लिहिलं, दोन्हीकडचे पदार्थ समसमान होतात. आता काय डोकं आपटून घ्यायचं?

त्यातली एक मुलगी वेगळीच. आरजू तिचं नाव, दहावीपर्यंत उर्दू शाळेत होती. वर्गात उठून म्हणाली, "सर, दोन्ही बाजूंनी चालू असतं म्हणता, पण दिसत तर काहीच नाही. मग ते थांबलेलं नाही हे कळलं कुणाला?" मी म्हटलं, पुस्तकात दिलंय तेवढं लिही, मार्क मिळतील. चाचणी सगळी ह्याच धड्यावर होती. तिनं प्रत्येक प्रश्नाखाली एकच वाक्य लिहिलं: हे मला अजून पटलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. मी शून्य दिलं. दुसरं काय देणार? तेव्हापासून ती कॉलेजला आलेली नाही. लागलं असेल माझं बोलणं. पण एवढं नाजूक असून चालतं का?

हा धडा तुम्ही कसा शिकवायचा ते आठवतच नाही. मला तो तेव्हाच समजला होता एवढं मात्र आठवतं. कृपा करून कळवा.

आपला,
यज्ञेश्वर

---

बार्शी,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. यज्ञेश्वर,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर तेव्हाही असंच होतं.

तुला तो धडा तेव्हा समजला नव्हता. तू पाठ केला होतास. चांगला पाठ केला होतास, म्हणून मी काही बोलले नाही.

तराजू पुसून टाक. मुलांचा घोळ तूच घातलास. तराजूची पारडी समतोल झाली की दोन्हीकडे सारखं वजन असतं आणि काटा गप्प उभा राहतो. मुलांनी तुझं चित्र बघून बरोबर तेच लिहिलं: समसमान होतं आणि थांबतं. त्यात मुलांचा काय दोष? आपला शब्दच असा आहे. समतोल म्हटलं की बाजारातला काटा डोळ्यांसमोर येतो.

दोन बादल्या घे. एक भरलेली, दुसरी रिकामी. दोन मुलं उभी कर. पहिल्याच्या हातात लहान वाटी, दुसऱ्याच्या हातात मोठा मग. पहिल्यानं आपल्या बादलीतून भरून दुसरीत ओतायचं, दुसऱ्यानं दुसरीतून पहिलीत, एकाच तालात. बादलीत जेवढं पाणी खोल तेवढीच वाटी बुडते हे मुलांना बघू दे. थोड्या वेळानं दोन्हीकडची पातळी स्थिर होईल, पण सारखी होणार नाही. हात मात्र थांबलेले नसतील. मग एका बादलीत शाई टाक. पातळी हलणार नाही आणि रंग दोन्हीकडे जाईल. जे बोलायचं ते त्यानंतर बोल, आधी नको.

त्या मुलीनं जे विचारलं ते ह्या धड्यातलं विचारण्यासारखं एकच आहे. तिला शून्य दिलंस ते मला आवडलं नाही. आणि ती येत नाही ती तुझ्या बोलण्यानंच, हे तुला कुणी सांगितलं? आधी चौकशी कर.

कानाचं विचारू नकोस. ते मशीन लावलं की ताटल्यांचा आवाज येतो, माणसांचा येत नाही.

सरोजिनी

---

सोलापूर,
९ डिसेंबर २०२४

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

बादल्यांचा प्रयोग केला. प्रयोगशाळेत ओल झाली, पोरं हसली, गोंगाट ऐकून पर्यवेक्षक सर दारात येऊन उभे राहिले. अकरावीला बादल्या कशाला, बालवाडी आहे का, असं सगळ्यांसमोर म्हणाले. आमचा प्रयोगशाळा परिचर मल्लिनाथ पुसत पुसत म्हणाला, "सर, पानी एवढं टाकायचं हाय तर बाहेर झाडाला तरी टाका की." पण बाई, शाई टाकली तेव्हा पोरं वाकून बघायला लागली. पातळी जागची हलली नाही, आणि दुसरी बादली निळी होत गेली. मागच्या बाकावरचा एक जण आपणहून म्हणाला, "सर, म्हणजे थांबलेलं नव्हतंच की." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

आरजू त्या दिवशी आली होती. तिच्या मैत्रिणीकडून मी निरोप पाठवला होता. आईला कावीळ झाली होती, घरचं सगळं हिच्यावर होतं. माझ्यामुळं नव्हतं ते. तुम्ही म्हणाला ते खरं.

पण तिचं समाधान झालं नाही ते नाहीच. तास संपल्यावर टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, बादल्यांत आम्ही पाणी ओतत होतो म्हणून चालू होतं. पुस्तकात म्हणतात मीठ विरघळतं आणि परत बसतं, त्या मिठाला कोण ओततंय?"

मी फाडकन काहीतरी बोलणार होतो, पण आवरलं. आता ठरवलंय की माणसांचे हात नसलेला प्रयोगच दाखवायचा. पुस्तकात एक आहे. तुरटीचा स्फटिक घ्यायचा, त्याचा कोपरा तोडायचा आणि तुरटीच्याच संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी तुरटी विरघळणार नाही इतक्या भरलेल्या पाण्यात, दोऱ्यानं टांगायचा. म्हणतात की काही दिवसांनी तुटका कोपरा भरून येतो आणि वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणजे कण जातातही आणि येतातही. ह्याच्यापुढं तरी ती काय बोलणार? मल्लिनाथ आणि मी स्फटिक वाढवायला लागलोय.

आपला,
यज्ञेश्वर

---

बार्शी,
१४ डिसेंबर २०२४

चि. यज्ञेश्वर,
आशीर्वाद.

प्रयोग कर. द्रावण गाळून घे, बरणीचं झाकण घट्ट लाव, नाहीतर पाणी उडून जाईल आणि भलतंच वाढेल. दोरा नायलॉनचा घे, सुती दोऱ्यावर सगळीकडे बारीक स्फटिक धरतात.

पण "ह्याच्यापुढं ती काय बोलणार" हे वाक्य मला आवडलं नाही. प्रयोग तिला गप्प करायला करतोयस का?

सरोजिनी

---

सोलापूर,
६ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

पहिला स्फटिक विरघळून दोऱ्यावरून गळून पडला, द्रावण पुरतं संपृक्त नव्हतं. दुसऱ्याच्या बरणीचं झाकण कुणीतरी काढून ठेवलं, वर पापुद्रा धरला. नाताळाच्या सुट्टीतही येऊन तिसरा लावला. आणि बाई, भरला! तुटलेला कोपरा जवळजवळ भरून आला. वजन केलं, तेवढंच. मी आणि मल्लिनाथनं चहा मागवला. इतका आनंद मला पदवीच्या निकालालाही झाला नव्हता.

शनिवारी वर्गात दाखवला. पोरांनी हातोहात फिरवला. मी आरजूकडं बघितलं. ती भिंतीवरच्या तापमापीकडं बघत होती. मग उभी राहिली. म्हणाली, "सर, आपल्याकडं सकाळी गार असतं आणि दुपारी पत्रा तापतो. गरम झालं की तुरटी विरघळणार, गार झालं की परत बसणार. रोज थोडी गेली, रोज थोडी बसली, म्हणून कोपरा भरला. ह्यात समतोल कुठं आहे? हे तर ऊन आणि थंडी आहे."

वर्ग माझ्याकडं बघायला लागला. बाई, मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "एवढं कळतंय तर तूच शिकव. नाहीतर सायन्स सोड, तुझ्यासाठी नाही ते." ती दप्तर घेऊन निघून गेली.

त्याच दिवशी पर्यवेक्षकांनी बोलावून सांगितलं, तुमचा अभ्यासक्रम मागं पडलाय, ह्या धड्याला परीक्षेत असतातच किती मार्क, एवढी तुरटी कशाला उगाळताय. खरं आहे त्यांचं. मी गेला दीड महिना एका मुलीच्या एका प्रश्नावर घालवला. बाकीच्या वर्गानं माझं काय घोडं मारलंय? दुसरा कुठला शिक्षक असता तर तिला एकदा दटावून पुढं गेला असता.

मला एवढंच सांगा, ती म्हणते ते चूक आहे ना? स्फटिक भरला, वजन तेवढंच राहिलं. पुस्तकात आहे तसंच झालं.

यज्ञेश्वर

---

बार्शी,
११ जानेवारी २०२५

यज्ञेश्वर,

ती म्हणते ते बरोबर आहे.

तुरटी गरम पाण्यात गारपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, हे तू स्वतः अकरावीला आलेख काढून दाखवलेलं आहेस. तापमान बदलत असताना समतोल एका जागी राहत नाही. तुझ्या बरणीत रोज सकाळी एक समतोल आणि दुपारी दुसरा. कोपरा भरला तो त्या ये-जा करण्यात. हे तुला दिसलं नाही, मला इथं बसून सुचलं नाही, आणि वर्गात बसलेल्या त्या मुलीला भिंतीवरच्या तापमापीवरून सुचलं. अशा मुलीला तू सायन्स सोड म्हणालास.

मी चिडले आहे. दोन दिवस थांबून लिहिते आहे, तरी चिडलेलीच आहे.

आता निरोप पाठवू नकोस. स्वतः तिच्या घरी जा. आणि जाताना उत्तर घेऊन जाऊ नकोस, तुझ्याकडे ते नाही. तिला विचार, तापमान न बदलता हाच प्रयोग कसा करायचा.

सरोजिनी

---

सोलापूर,
२३ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत रस्ते बंद होते हे एक कारण, आणि धीर होत नव्हता हे खरं कारण. रविवारी गेलो.

विजापूर वेशीच्या आतल्या बाजूला त्यांचं घर आहे. वडील अझरुद्दीनभाई टेम्पो चालवतात, औषधांच्या दुकानांना माल पोचवतात, इकडं अक्कलकोट, दुधनीपर्यंत. दारातच मला बघून त्यांना वाटलं, आणखी काही तक्रार घेऊन आलो. बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. म्हणाले, तुम्ही सांगितलं ते आमच्या लक्षात आलंय सर, पुढच्या वर्षी तिला पुन्हा अकरावीला आर्ट्सला बसवतो. शून्य मार्क आले तेव्हाच भावकीत चर्चा झाली होती, आता सरांनीच सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटला.

बाई, एका वाक्यानं एवढं होतं हे मला माहीत नव्हतं. आरजू आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मी तिच्या वडिलांना सांगितलं, "तुमची मुलगी बरोबर होती. माझा प्रयोग चुकला होता. ते मी वर्गातच मान्य करायला पाहिजे होतं, ते केलं नाही." तिच्या आई, अमिनाबी, अजून अशक्त आहेत, त्या आतून म्हणाल्या, "तो फिर झिरो कायको दिये?"

मार्क बदलायचे ते मी बदलू शकत नाही, चाचणीचे गुण कधीच वर गेले. अझरुद्दीनभाई म्हणाले, वार्षिक परीक्षेत काय होतं बघू, त्यावर ठरवू.

निघताना तुम्ही सांगितलेलं विचारलं. ती लगेच म्हणाली, अब्बांच्या टेम्पोत लसीचे थर्माकोलचे खोके येतात, दिवसभर गार राहतात. त्यात बरणी ठेवायची, आत तापमापी. दुसऱ्या दिवशी खोका घेऊनच आली. मल्लिनाथनं तो आतल्या सामानाच्या खोलीत ठेवला आणि भोवती जुनी चादर गुंडाळली. आत तापमान अर्ध्या अंशानंही हलत नाही. आता बघायचं.

सोमवारी वर्गातही सांगितलं, आरजू बरोबर होती म्हणून.

तिला तुमचा पत्ता दिलाय. तुमच्याशी थेट बोललेलं बरं. मध्ये मी असलो की बिघडतं.

आपला,
यज्ञेश्वर

---

सोलापूर,
२१ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,
सलाम आणि नमस्कार.

मी आरजू. सरांनी तुमचा पत्ता दिला. माझी मराठी उर्दू शाळेतली आहे, चुकलं तर माफ करा.

खोक्यातला स्फटिक आज काढला. कोपरा भरला नाही. जसा तुटका ठेवला तसाच तुटका. वजन तेवढंच. सर म्हणाले अजून थोडे दिवस ठेवू, पण त्यांचा चेहरा उतरला. मल्लिनाथमामा म्हणाले, "खोकं हलवलं नाही मी, खरंच."

बाई, मला वाटलं होतं मला आनंद होईल, कारण मी बरोबर निघाले. पण नाही झाला. मला खूप राग आला. उन्हात ठेवलं तर कोपरा भरतो, पण तो समतोल नाही. समतोलात ठेवलं तर काहीच होत नाही. मग पुस्तकवाल्यांनी बघितलं काय? परीक्षा जवळ आलीय. वर्गातले सगळे म्हणतात, लिहून टाक ना, दोन ओळी तर आहेत, घरी आर्ट्सचं पण टळेल. अम्मी पण हेच म्हणते. मी रोज लिहायला बसते आणि हात चालत नाही. खोटं लिहिल्यासारखं वाटतं. मी जिद्दी नाही बाई. मला पास व्हायचंय. मला फार्मसीला जायचंय. पण मला कळत नाही ते कळलंय असं कसं लिहू?

तुम्ही हे कधी डोळ्यांनी बघितलंय का? बघितलं असेल तर मी मानते.

तुमची विद्यार्थिनी,
आरजू

---

बार्शी,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. आरजू,
अनेक आशीर्वाद.

मी बघितलेलं नाही. आणि माझ्या सांगण्यावरून मानायचंही नाही. मी काय सांगते ते वाच, नंतर तुझं तू ठरव.

सरांनी वर्गात बादलीत शाई टाकली होती. शाई टाकेपर्यंत पाणी जातं-येतं की नाही हे नुसत्या पातळीवरून कळत नव्हतं. कारण इकडचं पाणी आणि तिकडचं पाणी सारखंच दिसतं. तुझ्या बरणीतही तीच अडचण आहे. स्फटिकावरून सुटलेला कण आणि द्रावणातून येऊन बसलेला कण, दोन्ही सारखेच. वजन तेच, रंग तोच. गेले किती, आले किती, कसं कळणार? तेव्हा शाईसारखं काहीतरी पाहिजे.

ती शाई माणसांनी शोधली. काही मूलद्रव्यांचे किरणोत्सारी अणू असतात. बाकी सगळ्या बाबतींत ते आपल्या भावंडांसारखेच वागतात, तसेच विरघळतात, तसेच बसतात. फक्त त्यांच्यातून किरण निघतात आणि ते उपकरणाला कळतात. म्हणजे खूण केलेले कण. आता तळाशी बिनखुणेचा क्षार ठेवायचा. त्यावर त्याच क्षाराचं संपृक्त द्रावण ओतायचं, पण ह्या द्रावणातल्या थोड्या कणांवर खूण असलेली. द्रावण आधीच संपृक्त, म्हणजे क्षार वाढणार नाही की घटणार नाही. तापमानही हलू द्यायचं नाही. काही वेळानं क्षार काढून, धुऊन उपकरणासमोर धरायचा. अभिक्रिया थांबलेली असेल तर त्यात खूण सापडता कामा नये. सापडते. वजन मात्र तेवढंच असतं.

असे प्रयोग झालेले आहेत, एकदा नाही, अनेकदा, वेगवेगळ्या लोकांनी केलेले. मी केले नाहीत, माझ्या कॉलेजात तशी सोय नव्हती, तुझ्याही नाही. पण "कुणी बघितलं" ह्याचं उत्तर आहे, आणि "कसं बघितलं" ह्याचंही आहे. ज्याला पटणार नाही त्याला पुन्हा करून बघता येतं.

तुझा कोपरा का भरला नाही, ते मी सांगणार नाही. त्याचा विचार तू कर.

सरोजिनी

---

सोलापूर,
८ मार्च २०२५

आदरणीय बाई,
सलाम.

तुमचं पत्र मी दोन दिवस शिव्या देत वाचलं. माफ करा. कोपऱ्याचं सांगितलं नाही म्हणून.

काल भांडी घासताना सुचलं. अम्मीला वाटलं मला ताप आलाय. मी चूकच धरून बसले होते. मला वाटायचं, चालू असेल तर कोपरा भरलाच पाहिजे. का भरला पाहिजे? समतोलात प्रत्येक जागेवर जेवढे कण सुटतात तेवढेच बसतात. सपाट बाजूवर पण तसंच, तुटक्या कोपऱ्यावर पण तसंच. मग कोपरा भरायला जास्तीचे कण कुठून येणार? न भरलेला कोपरा समतोलाच्या विरुद्ध नाही. तो तसाच असायला पाहिजे होता.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, फार बारीक बघितलं तर तुटक्या कडेवरून कण थोडे सहज सुटतात, त्यामुळं वर्षानुवर्षं ठेवलं तर थोडा फरक पडेल, पण आपल्या खोक्यात नाही. आणि म्हणाले, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं.

आता मी लिहीन. खुणेच्या कणांचं लिहीन. ते मी बघितलं नाही, पण त्यात माझ्या प्रश्नाला जागा ठेवलेली आहे. थांबलं असतं तर वेगळं दिसलं असतं, आणि तसं दिसलं नाही. एवढंच मला पाहिजे होतं.

पण बाई, हे आधी का नाही सांगत कुणी? एक ओळ तर आहे. ती असती तर शून्य आलं नसतं.

तुमची,
आरजू

---

सोलापूर,
६ मे २०२५

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

दोन महिने पत्र नाही त्याबद्दल रागवू नका. आधी परीक्षा होती, आणि मग जे झालं ते मिटेपर्यंत लिहिण्याजोगं काही नव्हतं.

वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका पर्यवेक्षक सरांनी काढली. वस्तुनिष्ठ प्रश्नांत एक होता, समतोल अवस्थेत अभिक्रियेचं काय होतं? पर्याय चार. माझ्या वर्गातल्या जवळपास सगळ्यांनी लिहिलं, दोन्ही दिशांनी सारख्या वेगानं चालू राहते. बाई, नोव्हेंबरमध्ये हीच पोरं होती. पेपर तपासताना माझे डोळे भरून आले. मग सरांनी दिलेली उत्तरतालिका बघितली. त्यात उत्तर होतं, थांबते.

मला वाटलं छपाईची चूक असेल. जाऊन दाखवलं. सर म्हणाले, तालिका ठरलेली आहे, दुसऱ्या तुकडीचे पेपर तपासून गुण चढवून झालेत. मी पुस्तक उघडून ठेवलं. ते म्हणाले, "अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर चुकलं, म्हणजे शिकवणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार. बादल्या खेळत होता ना तुम्ही?" मी तिथून उठून आलो. दोन दिवस नुसता धुमसत होतो. एका मार्कासाठी जूनची नोकरी घालवायची का, हाही विचार केला. लपवत नाही.

पेपर दाखवण्याच्या दिवशी आरजूनं बघितलं. तिनं दीर्घोत्तरी प्रश्नात पानभर लिहिलंय, खुणेच्या कणांसकट. ते वाचून मला पूर्ण गुण द्यायला हात आखडता घ्यावा लागला नाही. पण वस्तुनिष्ठात तिच्या त्या उत्तरावर लाल फुली. फुली मीच मारलेली, तालिकेप्रमाणं. ती मला म्हणाली, "सर, मला हा मार्क नसला तरी चालेल, मी पास आहे. पण हे चूक आहे. तुम्हाला माहीत आहे हे चूक आहे."

मी तिच्या हातातून पेपर घेतला आणि प्राचार्य मॅडमकडं गेलो. ती मागोमाग आली, मी नको म्हटलं नाही. पर्यवेक्षकांनाही बोलावलं गेलं. मी काही बोलायच्या आत आरजूच बोलायला लागली. थर्माकोलच्या खोक्यापासून सगळं सांगितलं, न थांबता, निम्मं मराठी, निम्मं हिंदी. मॅडम इतिहासाच्या. त्यांना किती कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, पुस्तकातलं पान वाचलं आणि दोन्ही तुकड्यांचे पेपर पुन्हा तपासायला सांगितले. बाहेर आल्यावर पर्यवेक्षक सर मला म्हणाले, जूनचं बघू.

काल कळलं. जूनला दुसऱ्या कुणाला तरी बोलावलंय.

निकाल लागला म्हणून अझरुद्दीनभाई आज सकाळी माझ्या घरी येऊन गेले. मुलगी सायन्सलाच राहील म्हणाले, आणि बारावीला तुम्हीच असाल ना सर, असं विचारलं. मी हो म्हटलं. तोंडातून नाही आलंच नाही.

मला चीड ह्याची येत नाही की नोकरी गेली. चीड येते ती ह्याची की धडा आत्ता कुठं मला शिकवता यायला लागला होता.

आपला,
यज्ञेश्वर

---

बार्शी,
१९ मे २०२५

चि. यज्ञेश्वर,
अनेक आशीर्वाद.

नोकरीचं वाचून वाईट वाटलं. समजूत घालणारी वाक्यं मला लिहिता येत नाहीत. टेंभुर्णीच्या कॉलेजात माझी जुनी विद्यार्थिनी इंद्रायणी उपप्राचार्य आहे. तिला पत्र टाकलं आहे. त्यात तुझी स्तुती केलेली नाही, काय घडलं तेवढंच लिहिलं आहे. पुढच्या सोमवारी जाऊन भेट. स्वच्छ शर्ट घाल. तिथंही प्रयोगशाळा बेताचीच आहे.

अझरुद्दीनना खोटं सांगितलंस ते मुलीनं दुरुस्त केलं. परवा तिचे वडील माल घेऊन बार्शीला आले होते, तिला इथं सोडून बाजारात गेले. संध्याकाळपर्यंत होती. मला ऐकू येत नाही म्हणून वही मध्ये ठेवून बसलो. ती भराभर लिहिते आणि उत्तर वाचायच्या आधीच पुढचं लिहायला घेते. सूनबाईनं पोहे केले, ते गार झाले. तुझ्या जागी कोण येतंय ते तिला माहीत आहे. रडली नाही, पण बरीच चिडलेली होती. मी तिला चिडू दिलं.

मग तिनं विचारलं: एकच अभिक्रिया डावीकडून सुरू केली काय आणि उजवीकडून सुरू केली काय, शेवटी त्याच जागी येऊन राहते. मग ती जागा कोण ठरवतं? थोडी अलीकडे का नाही, थोडी पलीकडे का नाही? मी वेगांचं सांगितलं. ती म्हणाली, मग ते वेग तेवढेच का? मी ऊर्जेचं सांगितलं. तिनं नकारार्थी मान हलवली आणि लिहिलं, "बाई, हे तुम्ही पाठ केलंय का?"

ती गेल्यापासून मी कपाटातली सगळी पुस्तकं खाली काढून बसले आहे. सूनबाई केरसुणी घेऊन दारात उभी राहते आणि परत जाते. उत्तर आहे, ते मला माहीत आहे. पण अकरावीच्या मुलीला पटेल असं ते सांगायचं कसं, हे मला ह्या वयात जमत नाही आहे, आणि ह्याचा मला भयंकर राग येतो आहे.

ती जूनमध्ये पुन्हा येणार आहे. तोवर तुला काही सुचलं तर आधी मला कळव. तिला परस्पर सांगू नकोस.

सरोजिनी